ऑक्टोबरात कोकणात दीड ते चार वर्षांच्या पोरांबरोबर घरच्या घरी काय काय करता येतं

पाऊस उघडला की पोरं पडवीतून सुटतात आणि मोठ्यांना प्रश्न पडतो की आता दिवसभर ह्यांना गुंतवायचं कशात. त्यातून तुम्ही मुंबई-पुण्याहून सुट्टीला गावी आला असाल किंवा नुकतेच इकडे राहायला आला असाल तर अजूनच, कारण मोबाइलवर शोधलं की शरद ऋतूच्या नावाखाली जे येतं ते सगळं परदेशातलं, लाल झालेली मेपलची पानं, पाइनचे कोन, कोरलेले भोपळे. आपल्याकडे ऑक्टोबरात पानं लाल होऊन गळत नाहीत, आपली पानगळ थंडी सरताना. पण आश्विन-कार्तिकात कोकणात जे असतं ते दुसरीकडे कुठे आहे सांगा, भात पिवळं झालेलं, झेंडू फुललेला, पडवीत तवशी (मोठ्या गावठी काकड्या) टांगलेली, भोपळे उतरवलेले, नवे पोहे, आणि समुद्र शांत होऊन मोकळी झालेली पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोरांसाठी वेगळा 'प्रोजेक्ट' विकत आणायची गरज नाही. ह्या दोन महिन्यांत घरात इतकं काम चाललेलं असतं की त्यातलाच एक छोटा तुकडा तोडून पोराच्या हातात द्यायचा, खराखुरा, खोटाखोटा नाही. त्यांना ते बरोब्बर कळतं. खेळण्यातल्या भातुकलीपेक्षा खरी परात दिली की पोर कसं गप्प बसून काम करतं ते बघा.

१. आधी वेळ आणि ऊन बघा

ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते पहिल्यांदा येणाऱ्यांना माहीत नसतं. सकाळी साडेनऊ-दहानंतर अंगणात नको, चार वाजल्यानंतर परत बाहेर. मधला वेळ झोप आणि घरातली कामं. दुसरं म्हणजे परतीचा पाऊस. सकाळी लख्ख ऊन असतं आणि दुपारी तीन-चारला एकदम काळं करून गडगडाट. पहिला गडगडाट ऐकू आला की शेतात, पुळणीवर, माडाखाली कुठेही असाल तिथून थेट घरात, 'पाऊस आला की जाऊ' असं नाही, वीज पावसाच्या आधीही पडते.

आणि एक काम किती वेळ चालेल? दोन वर्षांच्या पोराचं दहा मिनिटं, तीन-चारचं फार तर वीस-पंचवीस. त्याच्यापुढे ओढलंत तर रडारड. पोर मध्येच उठून गेलं तर जाऊ द्या, सामान तिथेच ठेवा, दहापैकी आठ वेळा परत येतं.

२. सामान काय लागेल

जवळजवळ सगळं घरात किंवा परसात मिळतं. एका टोपलीत काढून ठेवा म्हणजे ऐन वेळी पळापळ नको.

- करवंट्या, घासून गुळगुळीत केलेल्या, डोळ्यांच्या बाजूच्या (का ते पुढे सांगते)
- सुतळी आणि चिकटपट्टी
- गेरू, तांदळाचं पीठ, हळद
- जुनं वर्तमानपत्र, एक जुनी चादर, पोराचा जुना टी-शर्ट जो खराब झाला तरी चालेल (जांभ्याच्या मातीचा डाग जात नाही, कितीही साबण लावा)
- केळीची पानं
- परात, छोटी वाटी, लाकडी चमचा
- अंड्यांचा रिकामा ट्रे
- कणकेचा गोळा, डिंक किंवा फेविकॉल

कात्री लिस्टमध्ये मुद्दाम नाही. फाडणं हाताने करू द्या, बोटांना तोच व्यायाम.

३. कशाला हात लावू द्यायचा नाही

हे मी मुद्दाम क्राफ्टच्या आधी लिहितेय. पोरं बिया गोळा करतात आणि तोंडात घालतात, आणि आपल्या गडग्यांवर (दगडी कुंपणांवर) विषारी बियांची कमी नाही.

मोगली एरंड. कुंपणाला सर्रास लावलेला असतो, बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून पोरं खातात आणि मग उलट्या-जुलाब. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बिया मोठी मुलं खेळायला घेतात, त्या हृदयावर परिणाम करतात, अजिबात घरात आणू नका. गुंजा, लाल-काळ्या, दिसायला इतक्या सुंदर की क्राफ्टच्या डब्यात हमखास सापडतात, चावल्या गेल्या तर जिवावर बेततं. धोतरा तर माहीतच असेल. ओळखता येत नसेल तर वाडीतल्या एखाद्या आजींना घेऊन परसात एक फेरी मारा, कुठे काय आहे ते त्या दाखवतील. काही खाल्लंय असा संशय जरी आला तरी घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, ती बी किंवा फांदी पिशवीत घ्या आणि सरळ दवाखाना, गाडी नसेल तर १०८.

चिंचोके, शेंगदाणे, काळे वाटाणे विषारी नाहीत पण नाकात जातात आणि घशात अडकतात. तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात कुठलीही वस्तू देताना ती त्याच्या मुठीपेक्षा मोठी हवी, नाहीतर तुम्ही हाताच्या अंतरावर बसलेले हवेत.

विंचू आणि फुरसं (छोटा विषारी साप) ही दोन नावं लक्षात ठेवा. जांभ्याच्या कातळावर, चिऱ्यांच्या फटीत, पेंढ्याखाली, रचलेल्या करवंट्यांत असतात. पोराला चिरा किंवा करवंटी उचलायला लावू नका, तुम्ही काठीने उलटवा मग त्याला द्या. चपला झटकून घाला. विंचू चावला तर लहान मुलाला त्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, मंत्र-झाडपाल्यात वेळ घालवायचा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार दाखवून दिला आणि त्याने कितीतरी जीव वाचले, पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोचायला हवा.

४. करवंटीतलं रुजवण

सुरुवात ह्याने करा, पहिल्याच झटक्यात जमतं.

घटस्थापनेला घरात घट बसतोच, त्याच दिवशी पोराचा वेगळा घट बसवायचा. वेगळा एवढ्यासाठी की देवाच्या घटाला पोरं बोट घालतात, आजी ओरडतात आणि सगळ्यांचाच मूड जातो. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर येतो. डोळ्यांच्या बाजूची करवंटी घेऊन तो मऊ डोळा खिळ्याने तुम्ही टोचून मोकळा करा, झालं पाणी जायला भोक. आता माती भरणं पोराचं काम. कोरडी माती हाताने चुरून, खडे बाजूला काढून. ह्यातच पंधरा मिनिटं जातात आणि घाई करू नका.

वर मूग, गहू, नाचणी, भात, चिमूट-चिमूट वेगवेगळ्या करवंट्यांत. मूग सगळ्यात आधी उठतात, दोन-तीन दिवसांत, गहू त्याच्या मागोमाग, भाताला जास्त थांबावं लागतं. म्हणून मूग हवेतच, नाहीतर दोन वर्षांचं पोर तोवर विसरून जातं.

फसतं कुठे तर पाण्यात. पोराला पाणी घालायला प्रचंड आवडतं आणि दिवसातून वीस वेळा घालतं, मग बुरशी धरते आणि वास येतो. उपाय म्हणजे तांब्या द्यायचाच नाही, एक भिजवलेला कापूस किंवा फडकं द्यायचं, पिळायचं आणि थेंब पाडायचे. एक करवंटी देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणि एक पडवीत उजेडात ठेवली तर आतली पिवळी आणि बाहेरची हिरवी उगवते, तीन-चार वर्षांची पोरं हे बघून चाट पडतात. समजावून सांगायची गरज नाही, शेजारी-शेजारी ठेवा आणि त्यांनाच बोलू द्या.

५. झेंडू, तोरण आणि आपट्याची पानं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बायका तोरणाला बसल्या की पोर मध्ये येणारच. त्याला सुई देता येत नाही आणि माडाच्या हिराचं (पातीतल्या काडीचं) टोक डोळ्याला धोक्याचं, म्हणून सुतळीच्या टोकाला चिकटपट्टी घट्ट गुंडाळून बोटभर कडक टोक करा. झेंडूला मधोमध भोक तुम्ही करून द्या, ओवायचं त्याने. दोन फुलं, एक आंब्याचं पान, दोन फुलं असा क्रम सांगू नका, येईल तसं ओवू दे. ते वेडंवाकडं तोरण पोराच्या उंचीच्या खिडकीला बांधा, दाराला नाही, म्हणजे त्याला रोज हात लावता येतो.

दीड वर्षाच्या पोराला ओवता येत नाही पण फूल कुस्करता येतं. अंड्यांचा ट्रे द्या, पिवळ्या पाकळ्या इकडे, केशरी तिकडे. मग त्याच पाकळ्यांची रांगोळी, खडूने मोठा गोल काढून द्यायचा आणि भरू द्यायचा.

आपट्याबद्दल एक विनंती आहे. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकतात, आपट्याचं पान लहान आणि लांबीपेक्षा रुंद असतं, कांचनाचं चांगलं मोठं. दोन्ही झाडं ओरबाडली जातात. पोराला फांदी तोडून देऊ नका, झाडापाशी न्या, चार पानं स्वतःच्या हाताने खुडू द्या आणि घरोघरी तीच द्यायला लावा. माझ्या मुलीने गेल्या वर्षी शेजारच्या काकूंना पान दिलं आणि त्या पाया पडायला वाकवायच्या आत ते परत मागून घेतलं, कारण तिला तेच पान पुढच्या घरी द्यायचं होतं. काकूंनीही मुकाट दिलं.

६. ठसे आणि रंग

भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं, कारल्याचा काप दंतूर येतो, फणसाचं पान मागून रंगवून दाबलं की सगळ्या शिरा उमटतात. रंग म्हणजे गेरू पाण्यात कालवून, हळद कालवून, आणि तांदळाचं पीठ थोडं दाट कालवून पांढरा. पालघर-डहाणूकडे वारली चित्रं अशीच गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, तेव्हा हे काही नवीन नाही. एका चिऱ्याला किंवा पुठ्ठ्याला गेरू फासा, वाळू द्या, आणि पोराला पांढऱ्यात बोट बुडवून टिपके काढायला सांगा.

रंग पातळ झाला तर ठसा उमटत नाही, ओघळतो. साईसारखा हवा. आणि एका वेळी एकच रंग पुढे ठेवा, तीन ठेवलेत तर दोन मिनिटांत तिन्ही मिळून मातकट होतं, मग पोराचाही रस जातो.

७. स्वयंपाकघरात

इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त मजा इथे आहे आणि लोक सगळ्यात जास्त घाबरतात इथेच. नियम एकच, चुलीजवळचं काम मोठ्यांचं, चुलीपासून लांबचं पोराचं. पोराला ओट्यावर उभं करू नका, तुम्ही खाली बसा, जमिनीवर पाट टाका आणि परात मध्ये. आपल्या आज्या खाली बसूनच सगळं करायच्या, विळीसकट. विळी मात्र उचलून आडवी, उंचावर.

दडपे पोहे. विस्तव नाही, उकळतं नाही, पहिला पदार्थ हाच. दोन वाट्या पातळ पोहे, एक वाटी ओलं खोबरं, अर्धी वाटी नारळाचं पाणी, थोडा बारीक कांदा, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू. नारळ तुम्ही फोडा, पाणी वाटीत धरायचं काम पोराचं, अर्धं पिऊन टाकतं म्हणून दोन नारळ घ्या. कोथिंबिरीची पानं खुडणं पोराचं. सगळं परातीत घालून दोन्ही हातांनी कालवणं पोराचं. आणि मग खरी गंमत, वर ताट ठेवून वजन ठेवायचं. वजन म्हणून वरवंटा जड पडतो, पायावर पडला तर अंगठा जाईल, त्याऐवजी पाण्याने भरलेला तांब्या ठेवायला द्या. दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, थेंब न सांडता तो तांब्या ताटाच्या मध्यावर ठेवताना पोराचं तोंड एकदा बघाच. पंधरा-वीस मिनिटं तसंच. पोराचा वाटा बाजूला काढून मग बाकीच्यावर मिरची-मोहरीची फोडणी. शेंगदाणे पोराच्या पोह्यांत नको, चार वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे नकोच. जाडे पोहे घेतलेत तर ते असे भिजत नाहीत, कचकच लागतात, पातळच हवेत.

भोपळ्याचे घारगे. दोन वाट्या लाल भोपळ्याचा कीस, एक वाटी चिरलेला गूळ, दोन्ही एकत्र मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत आणि कीस मऊ होईपर्यंत. पाणी घालायचं नाही, भोपळा स्वतःच सोडतो. चिमूट मीठ, जायफळ, थोडं तूप, आणि त्यात मावेल तेवढी कणीक, दोन-तीन चमचे तांदळाचं पीठ. हे सगळं तुमचं, आणि पीठ पूर्ण गार झाल्याशिवाय पोराला हात लावू देऊ नका, गुळाचा चटका वाईट, चिकटून बसतो. गार झालं की पोराला लिंबाएवढे गोळे करायला द्या आणि केळीच्या पानावर तुपाचा हात लावून थापायला. जाड-बारीक होणार, जाड राहिलेले आतून कच्चे राहतात म्हणून तळायच्या आधी तुम्ही एकदा हळूच दाबून सारखे करा, पोराला न दिसता. तळताना पोर स्वयंपाकघराबाहेर, तिथे कुणीतरी त्याला धरून बसा. तळायचं नसेल तर तव्यावर तूप सोडून भाजले तरी छान लागतात.

एक सवय लावून घ्या, भोपळा, तवसं, दुधी, काहीही शिजवायच्या आधी कच्चा तुकडा तुम्ही चाखायचा. कडू लागला तर थुंकून अख्खं फळ फेकून द्यायचं, गूळ घालून कडूपणा झाकायचा नाही, त्या कडूपणाने पोट बिघडतं, उलट्या होतात.

नव्या तांदळाची खीर. नवान्नाला होतेच. नवे तांदूळ धुऊन, नारळाच्या पातळ रसात आणि पाण्यात मऊ शिजवायचे (नव्या तांदळाला पाणी कमी लागतं आणि चिकट होतो, घाबरू नका), गूळ, वेलची, आणि दाट रस सगळ्यात शेवटी विस्तव बंद करून, नाहीतर फाटतो. पोराचं काम म्हणजे तांदूळ धुणं आणि किसलेलं खोबरं कोमट पाण्यात मुठीने पिळणं. तांदूळ धुताना निम्मे बाहेर सांडतात, खाली परात ठेवा.

तवशाचं धोंडसही (काकडीचा गोड केक) करता येतं पण त्याला वेळ जातो आणि पोराला करण्यासारखं त्यात फारसं नाही. कीस ढवळणं एवढंच. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या खाण्यात मध कुठल्याच पदार्थात घालू नका.

८. शेतात आणि खळ्यात

कापणी चालू असते तिथे पोराला उभ्या भातात सोडू नका. भात कापत आत जातात तसतशी उंदरांमागे आलेली जनावरं, म्हणजे साप, कडेला सरकतात, कापणारी माणसं त्या अंदाजाने काम करत असतात, त्यांच्या मध्ये पोर नको. त्यापेक्षा खळ्यात झोडणी चालू असेल तिथे न्या, सारवलेली मोकळी जागा असते, चार माणसं असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, भाताची कूस अंगाला लागली की दिवसभर खाज. घरी आल्यावर आंघोळ.

तिथे काम काय द्यायचं? झोडताना बाजूला उडालेल्या लोंब्या वेचून टोपलीत टाकणं. एक लोंबी हातावर चोळून टरफल काढून आतला तांदूळ दाखवा. ताटातला भात आणि हे एकच, हे तीन वर्षांच्या पोराला तिथे कळतं ते चित्राच्या पुस्तकातून कळत नाही.

दाराला नवं बांधतात त्यासाठी भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल, नाचणीचं कणीस, झेंडू, जे तुमच्या गावात बांधतात ते. कुठे दसऱ्याला, कुठे कोजागिरीला, गावागावात वेगळं, घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. कुरडू कुठल्याही बांधावर मिळतो, पांढरट-गुलाबी तुरे, पोराला हाताने तोडता येतात. देवाचं म्हणून मोठे करतील, पोराला एक जुडी वेगळी बांधायला द्या. आमच्या वाडीतल्या एक आजी कुणी पोराला हाकललं की लगेच म्हणतात, "करूंदे गो तेका." तेवढंच.

९. पुळणीवर

समुद्राचं वेळापत्रक न बघता जाऊ नका. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, पण जुना हिशोब पाठ असला की बरं, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती, त्या दिवशी संध्याकाळी पोराला नेऊन उपयोग नाही. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पुळण लांबच लांब उघडी. कोजागिरी ही पौर्णिमाच, त्या संध्याकाळी जरूर जा, पण उधाणाचे दिवस असतात, पाणी परत फिरलं की झपाट्याने वर येतं, पाणी वळलेलं दिसलं की निघायचं.

ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेली रांगोळी आधी दाखवा. इवलेसे खेकडे वाळू तोंडातून गाळतात आणि बारीक बारीक गोळ्या भोकाभोवती मांडून ठेवतात, चांदणीसारखी नक्षी होते. पोराला पोटावर झोपवून गप्प राहायला सांगा, अर्ध्या मिनिटात खेकडा बाहेर येतो. मग करवंटीने वाळूच्या इडल्या, बोटाने रेघा, पायाचे ठसे.

शिंपले गोळा करताना आत जिवंत काही आहे का ते तुम्ही बघा, असेल तर पाण्यात परत ठेवायला पोरालाच सांगा. रिकामे घरी नेऊन गोड्या पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, नाहीतर दोन दिवसांत वास. मोठे तेवढे घ्या, नखाएवढे नको.

तीन गोष्टींना हात नाही, जेलीफिश (मेलेली असली तरी डंख मारते), जाळ्यातून टाकून दिलेला शिंगाळा (काटा लागला तर भयंकर ठणकतं), आणि जुनी जाळी-दोऱ्या. पोर पाण्यात घोट्यापुढे नाही, आणि त्याचा हात एका माणसाच्या हातात, त्या माणसाच्या दुसऱ्या हातात मोबाइल नको.

१०. किल्ला

सहामाही परीक्षा संपली की मोठी मुलं किल्ला करायला लागतात आणि छोट्यांना हाकलतात. छोट्यांना जलदुर्ग द्या. घमेल्यात मधोमध मातीचा ढीग, त्याच्यावर खडे, भोवती पाणी. आपला सिंधुदुर्ग १६६४ साली मालवणच्या समुद्रात असाच बेटावर बांधायला घेतला, तेव्हा कोकणात हा किल्ला जास्त शोभतो. माती थापणं, पाणी ओतणं, किल्ला ढासळणं, परत थापणं. तटावर हळीव किंवा मोहरी भुरभुरून ठेवा, दोन-चार दिवसांत हिरवळ. माडाच्या पातीची होडी तुम्ही करून द्या, पातीची कड बोट कापते म्हणून ती आधी दुमडून घ्या. खेळून झालं की घमेल्यातलं पाणी लगेच ओता. अगदी थोड्या पाण्यातही छोटं पोर बुडू शकतं, आणि राहिलेल्या पाण्यात डास होतात ते वेगळंच.

११. दिवाळी ते तुळशीचं लग्न

कंदील करायचा असेल तर जाळीदार कापड किंवा पतंगाचा कागद, त्यावर पोराने खळ लावून चिकटवलेली वाळलेली पानं आणि झेंडूच्या पाकळ्या, आत छोटा बल्ब. खळ म्हणजे पीठ-पाणी शिजवून केलेली, तोंडात गेली तरी चिंता नाही.

सगळ्यात मोठा धोका फटाके नाहीत, ते निदान दिसतात. बाजारात मिळणाऱ्या त्या छोट्या प्लास्टिकच्या पणत्या, ज्यात बटणाएवढी बॅटरी असते, त्या पोराच्या घरात आणूच नका. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, आणि सुरुवातीला पोर नुसतं लाळ गाळतं किंवा खात नाही, एवढंच दिसतं. संशय आला तरी लगेच एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलात. मातीची पणती उंचावर ठेवलेली परवडली.

नरकचतुर्दशीला कारीट (छोटं कडू रानफळ) फोडायला पोरं पुढे असतात. तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडू द्या, पण जिभेला लावायची रीत लहान पोराला नको, भयंकर कडू आणि पोटाला वाईट. नंतर पोह्यांचं ताट असतंच, गोडे पोहे, दह्याचे पोहे, त्यातला गूळ-खोबऱ्याचा वाटा पोराने आदल्या दिवशी कालवलेला असू दे.

तुळशीच्या लग्नाला वृंदावन रंगवताना खालची एक बाजू पोराची, गेरूचे हात उमटवायचे. लग्नात अक्षता टाकायला द्यायच्या, त्या त्याच्या छोट्या वाटीत आधीच काढून ठेवा म्हणजे ताटावर झडप पडत नाही. उसाचं कांडं हातात धरायला द्या, चावायला नको, चोथा घशात अडकतो, त्यापेक्षा रस काढून द्या. चिंच-आवळे मांडलेले असतात, लग्न लागलं की चिंचोके काढून मग चिंच द्या.